नवा घेण्याआधी जुन्याचं झाकण उघडा

माझ्या धाकट्या जावेचा संगणक चालू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद घेत होता. मी घड्याळ लावून मोजलं. बटण दाबून ती देवापुढे दिवा लावून यायची, तरी पडद्यावरचं वर्तुळ फिरतच असायचं. ती साताऱ्याला बचत गटाचे हिशेब ठेवते. अकरा बायकांचे हप्ते, कर्जं, व्याज, सगळं त्या एका यंत्रात. "ताई, विकून टाकू का हा?" तिने फोनवर विचारलं. पुतण्याने तर नव्याची जाहिरातही शोधून ठेवली होती. "काकू, २०१४ चा आहे तो. आता किती चालणार?"

मी म्हटलं, मी येते. तोवर काही विकू नका.

मी १९९३ पासून पुण्यात डीटीपीचं काम करते. आयुष्याची तीस वर्षं मराठी मजकूर टाइप करण्यात, पानं लावण्यात गेली. संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. पण छापखान्यात यंत्र बंद पडलं की काम थांबतं, आणि दुरुस्त करणारा माणूस दुपारी चारला येणार असतो. त्यामुळे झाकण उघडायला मी तेव्हाच शिकले. घरातल्या यंत्रांमध्ये मालकाने स्वतः उघडून भाग बदलावेत अशी सोय ठेवलेलं यंत्र मला एवढंच माहीत आहे. ती सोय वापरायची कशी, ते मी इथे सांगते. साताऱ्याच्या त्याच संगणकाचं उदाहरण घेते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

"स्लो झालाय" हे लक्षण झालं. कारण वेगळं असतं, आणि ते न शोधता केलेली खरेदी वाया जाते. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा, आणि मग रोजचं काम सुरू करा: ब्राउझर उघडा, हिशेबाची फाइल उघडा, एखादा व्हिडिओ लावा. आणि आकडे बघत बसा.

जावेच्या संगणकावर प्रोसेसरचा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे इंटेलचा तो कोअर आय३-४१३० निवांत बसला होता. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, ४ जीबी, त्यातली ३.६ भरलेली. आणि डिस्क १०० टक्के, एकसारखी. दुखणं सापडलं: रॅम अपुरी, म्हणून विंडोज उरलेला माल डिस्कवर उतरवतंय, आणि डिस्क आधीच दमलेली. प्रोसेसरचा यात काही दोष नव्हता. नवा संगणक घेतला असता तर चांगल्या प्रोसेसरचे पैसे पुन्हा मोजावे लागले असते.

त्याच पडद्यावर मेमरीवर टिचकी मारली की रॅमचा वेग आणि तिच्या पट्ट्यांच्या किती खाचा वापरात आहेत ते दिसतं. आमच्याकडे लिहिलं होतं, दोनपैकी एक. म्हणजे एक खाच अकरा वर्षं रिकामी होती.

डिस्क एवढी का दमते

हे समजून घ्या, कारण जुन्या संगणकात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच्या तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक दांडा सरकतो. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक नावाचं यंत्र आणलं तेव्हा त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून साठवण ५ एमबीच्या आतबाहेर. मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटो तेवढा असतो. पुढे तबकड्या लहान झाल्या, साठवण लाखो पटींनी वाढली. पण फिरणं आणि सरकणं तेच राहिलं.

घरगुती डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा दांड्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबायचं, वर दांडा जागेवर जायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे ही डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपासच उचलू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. ती चार मिनिटं तिथे जात होती.

एसएसडी ही हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नवी साठवण. तिच्यात फिरणारं काही नाही. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीच्या चिपा असतात. कुठलाही तुकडा कुठेही असला तरी तो उचलायला मिलिसेकंदाचाही छोटासा अंश लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे: ज्या संगणकात अजून फिरणारी डिस्क आहे, त्याला पहिल्यांदा एसएसडी. नंतर रॅम. बाकी सगळं त्यानंतर.

हे झाकण उघडतं ते कुणामुळे

खरेदीला निघण्याआधी थोडं मागे जाते, कारण आपण जे भाग विकत आणणार आहोत ते कुठल्याही कंपनीचे असले तरी बसतात, आणि हे आपोआप घडलेलं नाही.

जानेवारी १९७५ च्या एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाची पेटी झळकली. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमधली एमआयटीएस ही छोटी कंपनी ती सुट्या भागांत विकायची. घरी बसून डाग देत (सोल्डर करत) जोडायची. मूळ मेमरी २५६ बाइट. तेवढ्यात काहीच मावत नसे, म्हणून घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून वाढवण्याचाच विचार करावा लागे. पण पेटीत १०० टोकांच्या खाचांची रांग होती, आणि त्या खाचेत बसणारे बोर्ड दुसऱ्या कंपन्याही बनवू लागल्या. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, अ‍ॅपल २ आला तो आठ खाचा घेऊन. तो घडवणाऱ्या स्टीव्ह वॉझनियाक यांचा आठ खाचांचा आग्रह होता. त्यांचे भागीदार स्टीव्ह जॉब्झ यांना दोन पुरेशा वाटत होत्या, एक प्रिंटरसाठी, एक मोडेमसाठी. वॉझनियाक अडून बसले ते बरं झालं. १९८४चा मॅकिन्टॉश मात्र बंद पेटीतून आला: १२८ केबी रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली, वाढवायला एकही खाच नाही.

आपल्या घरातल्या पीसीचा थेट पूर्वज १२ ऑगस्ट १९८१ चा. फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये आयबीएमच्या एका छोट्या गटाने, डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली, सुमारे वर्षभरात तो उभा केला. वेळ एवढा कमी की सगळं स्वतः घडवणं शक्य नव्हतं. त्यांनी बाजारात मिळणारे भाग घेतले: इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झचा, आणि मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य बोर्डावर, पाच खाचा. सर्वांत साधं मॉडेल १५६५ डॉलरचं. त्यात रॅम १६ केबी.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. मंडलांच्या आकृत्या आणि बायोसची, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालते तिची, संपूर्ण आज्ञावली त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली. पुस्तिका घ्या, वाचा, आमच्या खाचेत बसेल असं कार्ड बनवा. बायोसवर स्वामित्वहक्क होता, नुसती नक्कल चालली नसती. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने ज्यांनी ती आज्ञावली कधी वाचली नव्हती अशा लोकांकडून तेच काम करणारी नवी लिहून घेतली, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात आपला पोर्टेबल संगणक जाहीर केला. तिथून पुढे वाट मोकळी झाली. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ काढून नवी, परवान्याची खाच आणली, तेव्हा कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन पुढच्याच वर्षी आपली खुली खाच जाहीर केली. जुनी कार्डं तिच्यात बसत होती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मापं ठरवली, आणि मदरबोर्डाच्या स्क्रूंची भोकं कुठे असावीत हेही सगळ्यांचं एक झालं.

जावेच्या कॅबिनेटवर कुठल्याच मोठ्या कंपनीचं नाव नाही. असेंबल्ड आहे तो. पण स्क्रूच्या प्रत्येक भोकामागे हा सगळा हट्ट आहे.

प्रत काढल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका

१९९८ सालची दिवाळी जवळ आली होती. एका दिवाळी अंकाची १७६ पानं माझ्या संगणकावर लागलेली. विंडोज सारखं अडकत होतं म्हणून एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने ते नव्याने टाकताना डिस्कचं चुकीचं विभाजन (पार्टिशन) पुसलं. ज्यात पानं होती ते. मुद्रितशोधनाचे कागद होते म्हणून अंक निघाला, पण मी आणि माझी सहकारी नऊ रात्री जागून पुन्हा टाइप करत होतो. शेवटच्या रात्री तिला ताप होता आणि तरी ती उठली नाही. मी प्रत काढली नव्हती. त्या नऊ रात्रींनंतर मी एकही काम दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय झोपलेली नाही.

म्हणून: बाहेरची हार्ड डिस्क आणा, सगळं तिच्यावर उतरवा. उतरवल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाच-सहा फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेली प्रत मी प्रत मानत नाही. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स या दोन फोल्डरांत लोकांचं अर्धं आयुष्य पडलेलं असतं, ते विसरू नका. ब्राउझरमधले पासवर्ड वहीत लिहून ठेवा. विंडोजची आणि इतर सॉफ्टवेअरची लायसन्स-की शोधून ठेवा. जावेच्या बचत गटाची फाइल मी शिवाय पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह तिच्या कपाटात ठेवायला लावला.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर याच वेळी चालवा. डिस्कची तब्येत ते रंगाने दाखवतं. पिवळा आला तर त्या डिस्कवर पुढे काहीही भरवसा ठेवू नका, प्रत आजच काढा.

काय आणायचं

मदरबोर्डचं नाव आधी शोधा. स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ हे रोमन अक्षरांत टाइप केलं की बेसबोर्डच्या ओळीत दिसतं. नाहीतर बोर्डावरच ठळक छापलेलं असतं. त्या नावाने कंपनीच्या साइटवरून पुस्तिका उतरवून घ्या. आमचा बोर्ड एच८१ चिपसेटचा निघाला. त्याला रॅमच्या दोन खाचा, डीडीआर३ची, कमाल १६ जीबी. डिस्कसाठी चार साटा जोडण्या, त्यातल्या दोन वेगवान.

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पट्टीच्या खालच्या कडेची खोबण प्रत्येकात वेगळ्या जागी असते. दुकानात जाताना जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो घेऊन जा: प्रकार, वेग, व्होल्टेज. आमच्यावर डीडीआर३, १६००, १.५ व्होल्ट असं होतं. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. गडबडीत तीच हाती पडते. डीडीआर३ आता बहुधा वापरलेलीच मिळते. तिला माझी हरकत नाही, पण बदलून देण्याची हमी घ्या आणि घरी आल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तर पट्टी परत.

एसएसडी अडीच इंची, साटा जोडणीची. आजकाल च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी सगळे सुचवतात, पण एवढ्या जुन्या बोर्डावर तिची खाच नसते. साटाची मर्यादा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास आहे आणि घरकामाला ती भरपूर झाली. मी ५०० जीबीची घेतली. सोबत साटाची केबल मागून घ्या, ती डब्यात नसते. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या लेपाची, म्हणजे थर्मल पेस्टची, एक छोटी ट्यूब आणि सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल. एवढीच खरेदी.

उघडताना

शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा. मग कॅबिनेटचं पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेला विद्युतभार निघून जातो. लाकडी टेबलावर काम करा. सिंथेटिक साडी किंवा ओढणी नको, हिवाळ्यात तर मुळीच नको. स्थिर विजेची एक ठिणगी चिपेला पुरते, आणि ती आपल्याला जाणवतही नाही. सुती कपडे घाला आणि प्रत्येक भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा. संगणकाला वीज पुरवणारी एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही तिच्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका दाब राहतो.

झाकण काढल्यावर काहीही हलवण्याआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे तासाभराने आठवत नाही.

साताऱ्याच्या त्या पेटीत अकरा वर्षांची धूळ होती. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तर फेल्टसारखा थर. रंगकामाचा नवा मऊ ब्रश घ्या, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवून झाडा. हवेच्या झोतात पंखा गरगर फिरू देऊ नका. पंखा उतरवायचाच असेल तर इंटेलच्या मूळ पंख्याला चार कोपऱ्यांवर चार खुंट्या असतात. त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रोसेसरच्या मधोमध मटारच्या दाण्याएवढी नवी घाला आणि पंखा वरून दाबून बसवा. खुंट्या आधी बाण असतो त्याच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा. प्रोसेसर त्याच्या जागेवरून काढू नका. खाली ११५० बारीक टाचण्या आहेत आणि त्यातली एक वाकली तरी बोर्ड गेला म्हणून समजा. आमचा प्रोसेसर आधी बायोसमध्ये ७८ अंश दाखवत होता, नंतर ४६.

रॅम

दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर दाबा. पट्टीची खोबण खाचेतल्या उंचवट्याशी जुळवा. जुळत नसेल तर उलटी धरली आहे, जोर लावू नका. जुळली की दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं एकदम दाबा. टक् असा आवाज येऊन चिमट्या आपोआप मिटतात. पहिल्यांदा हात कचरतो, कारण लागणारा जोर अपेक्षेपेक्षा जास्त असतो.

१९८१ च्या पीसीत हेच काम किती नाजूक होतं ते सांगते. १६ केबी वाढवायची तर नऊ सुट्या चिपा घ्यायच्या, आठ माहितीसाठी आणि नववी चूक ओळखण्यासाठी. प्रत्येकीला सोळा पाय. एकेक चिप सॉकेटवर ठेवून सगळे पाय सरळ रेषेत आणायचे आणि दाबायचं. एखादा पाय आत दुमडला तर वरून दिसायचंही नाही. आमच्या छापखान्यातल्या ३८६ संगणकामध्ये चिपा एका छोट्या पट्टीवर बसलेल्या होत्या, तरी चार पट्ट्या एकदम लावाव्या लागत. त्यांचे चिमटे प्लास्टिकचे असायचे, फार वापरले की तुटायचे. मालकांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणली की ती रुमालात गुंडाळून आणायचे. ४ एमबीचे ८ एमबी झाले त्या दिवशी पेजमेकरमध्ये मराठी पान न थांबता सरकलं, आणि आम्ही तिघं ते नुसतं वरखाली करून बघत होतो.

जावेकडे जुनी ४ जीबीची पट्टी तशीच ठेवून ८ जीबीची जोडली. १२ झाली. सारख्या दोन पट्ट्यांची जोडी थोडी अधिक वेगवान, पण चालत्या पट्टीला काढून टाकण्याइतका तो फरक मोठा नाही. चालू केल्यावर पडदा काळा राहून नुसते बीप वाजले तर घाबरू नका. शंभरात नव्वद वेळा पट्टी नीट बसलेली नसते. काढा, सोनेरी टोकांवरून पांढरा खोडरबर हलका फिरवा, कण पुसा, परत बसवा.

एसएसडी

इथे काम अगदी थोडं आहे. साटाची दोन्ही टोकं इंग्रजी एल अक्षरासारखी असतात, एकाच बाजूने जातात. पातळ केबल बोर्डाला, रुंद वायर एसएमपीएसकडून. बोर्डावर वेगवान जोडणी कुठली ते पुस्तिकेत पाहा, केबल तिथेच लावा. पूर्वी चाळीस टोकांची रुंद पट्टी असायची, लाल कडा एक नंबरकडे ठेवायची, आणि डिस्कच्या पाठीवरचा इवलासा जंपर मास्टर की स्लेव्ह ते ठरवून चिमट्याने हलवायचा. २००३ पासून साटा आली आणि ती कटकट गेली.

अडीच इंचाची जागा जुन्या कॅबिनेटमध्ये नसते. दोन स्क्रूंची ब्रॅकेट मिळते. तीही नसेल तर मजबूत दुहेरी चिकटपट्टीने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. फिरणारं काही नसल्याने आडवी, उभी, उलटी, कशीही चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवी प्रणाली (विंडोज, लिनक्स असं काही) टाकण्याआधी जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. पेटीत एकच डिस्क जोडलेली असेल तर चुकीची पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. १९९८ मध्ये एवढं एक कुणी केलं असतं तर.

बोर्डावरचा गोल सेलही याच वेळी बदला. संगणक उघडल्यावर तारीख दर वेळी मागची दाखवत असेल तर सेल संपलेला आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी/एटीपासून घड्याळ आणि सेटिंग जपणारी बॅटरी पेटीत आली. त्याआधी तारीख आणि वेळ रोज सकाळी हाताने भरावी लागे. सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख लावा, आणि साटाचं सेटिंग एएचसीआय आहे ना ते बघा.

आत्मा कुठला घालायचा

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा चौथ्या पिढीतला. आडवाटेने ते टाकणारे आहेत, पण बचत गटाचे पैसे ज्यात मोजले जातात त्या यंत्रावर मी तसं करणार नाही. म्हणून विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकलं. मोफत आहे. फाइल उतरवून घ्या, रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा, आणि त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. डिस्कला हात न लावता ते तसंच चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर, आवाज, वेबकॅम, सगळं तपासा, मगच बसवा. जावेच्या एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. दोन सूत्रं तपासावी लागली, बाकी जशीच्या तशी. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही तुमच्याकडे असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, आणि मग नव्या मदरबोर्डाचा हिशेब करावा लागेल.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडून घ्या. हे करताना माझा हात दर वेळी थोडा थांबतो. मी कामाला लागले तेव्हा डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसण्यासाठी पेटीत वेगळं कार्ड घालावं लागे. जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम सुरू केलं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झालं, परम महासंगणकासाठी सगळे त्याला ओळखतात. मला ते त्या कार्डासाठी प्रिय आहे. बोका रॅटनमध्ये ठेवलेल्या त्या रिकाम्या खाचेत आपली लिपी येऊन बसली होती. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवा "श्री" उमटला होता. आज युनिकोडमुळे कार्ड लागत नाही, फक्त मांडणी निवडायची. जावेने पहिलं वाक्य टाइप केलं ते गटातल्या सगळ्या बायकांच्या नावांचं.

कुठे थांबायचं

सगळेच संगणक वाचवण्यासारखे नसतात. बोर्डावरचे उभे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा गळलेले दिसले तर त्यात पैसे घालू नका. डीडीआर२ रॅमचा, कोअर २ काळातला बोर्ड असेल तर फक्त एसएसडी घाला, ती उद्या दुसऱ्या यंत्रात जाईल. रॅम शोधत फिरू नका. ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल तर आधी एसएमपीएस बघा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॉटांवर माझा विश्वास नाही, आणि तो जाताना बाकीचंही घेऊन जातो. लॅपटॉप घेणाऱ्यांनी रॅम बोर्डावर पक्की आहे की पट्टीची, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. पक्की असेल तर पहिल्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

सगळं जोडून बटण दाबलं तेव्हा पुतण्याने मोबाइलवर वेळ लावली होती. चोवीस सेकंद. त्याने बंद करून पुन्हा मोजली. "काकू, आता या पेटीत अजून काय वाढवता येईल?" त्याने विचारलं आणि बोर्डाची पुस्तिका स्वतःच उघडून वाचायला घेतली. रिकाम्या साटा जोडण्या किती उरल्या ते त्याने मला सांगितलं.

जुनी डिस्क तब्येतीने ठीक निघाली. तरी ती लगेच पुसून वापरात आणू नका. महिनाभर कपाटात ठेवा, वर तारखेची चिठ्ठी लावून. कुठला तरी फोटो, कुठली तरी पावती राहिलेलीच असते, आणि तिची आठवण तिसऱ्या आठवड्यात येते. आमच्याकडे सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे फोटो राहिले होते.